ओहोटीचे दात

भोंगेकाकांची कवळी समुद्रात पडली, त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी बोलणं सोडलं. आता एकाच घरात राहणाऱ्या, एकाच टेबलावर जेवणाऱ्या माणसाशी अजिबात न बोलणं हे फार मेहनतीचं काम आहे. दिवा मालव, दार लाव, माझ्या खुर्चीतून ऊठ, एवढं तरी सांगावंच लागतं. म्हणून जे काय सांगायचं ते काका भिंतीवरच्या घड्याळाला सांगत. "त्याला म्हणावं, दार लाव." घड्याळ टिकटिक करी आणि जावई उठून दार लावी.

सुरुवातीला हे निरोप्याचं काम त्यांनी लेकीकडे दिलं होतं. लेक केस कापायच्या दुकानात दिवसभर लोकांची डोकी सांभाळून घरी यायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, तो तुमच्या समोर बसलाय. मी काय टपालपेटी आहे?" काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं, आणि त्यांची नजर घड्याळावर ठरली. घड्याळ बिचारं आजवर कुणाला उलटून बोललेलं नव्हतं.

जावई पाणबुड्या होता आणि घरजावईही होता. यातला पहिला धंदा अवघड, दुसरा त्याहून अवघड. जावई म्हणजे दशमग्रह, असं लोक म्हणतात खरं. पण तो मान वेगळं बिऱ्हाड करणाऱ्या जावयांचा. घरजावयाला फार तर ग्रहण म्हणतात. लग्नानंतर 'घर मिळेपर्यंत' म्हणून तो दोन पिशव्या घेऊन सासरी आला. घर काही मिळालं नाही, आणि त्यानं ते फारसं शोधलंही नाही, कारण त्याला हेच घर आवडलं होतं. खिडकीजवळचं टेबल आवडलं होतं. सासूबाई आवडल्या होत्या. खरं सांगायचं तर सासरेही आवडले होते, पण असं कोण कुणाला सांगतं? आता त्याला एकच गोष्ट हवी होती. सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे बघून बोलावं. चांगलंच बोलावं असं नाही. शिवी दिली तरी चालेल, पण ती घड्याळाला नको.

मुळात भोंगेकाकांना भोंगेकाका म्हणत ते उगाच नाही. फेरीबोटीच्या धक्क्यावर भोंग्यातून सूचना देण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलं. त्यांचे वरचे दात पडले (खालचे अजून त्यांचे स्वतःचे होते, मालकासारखेच हट्टी), तेव्हा त्यांची कवळी त्यांच्या बायकोनं घडवली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवायची. नवऱ्याची मात्र तिनं घरी, खिडकीजवळच्या टेबलावर घडवली. कवळी त्यांच्या तोंडात बसवायची आणि म्हणायची, "हं, म्हणा." हे म्हणायचे, "सर्व प्रवाशांनी सामान सांभाळून चढावं." ती मान हलवायची, कवळी काढून घ्यायची, समोरचा दात कानशीनं केसभर घासायची आणि पुन्हा, "हं, म्हणा." कितीतरी दिवस हा उद्योग चालला. शेवटी 'सर्व' मधला स असा लख्ख आला की रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं आपोआप हातातली पिशवी सांभाळली. तेव्हा कुठे बायकोनं कानस खाली ठेवली. त्याआधी कवळीच्या मेणाच्या साच्यात, जिभेकडच्या बाजूला, तिनं आपला अंगठा दाबून ठेवला होता. तो ठसा कवळीत तसाच उतरला. "जीभ लागली की आठवण येईल माझी," असं म्हणून ती हसली होती. पुढच्या वर्षी ती गेली.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो शेंगदाणा आला.

सासरे-जावई संध्याकाळी धक्क्याच्या कठड्यावर बसून भाजलेले शेंगदाणे खात होते. तेव्हा ते एकमेकांशी बोलत. काका काहीतरी गंमत सांगता सांगता हसले आणि शेंगदाणा घशात अडकला. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. जावयाचे हात धक्क्याचे पाण्यातले खांब खरवडून खरवडून लोखंडाचे झालेले. त्यानं पाठीत अशी थाप मारली की शेंगदाणा बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग कवळी. दोघांनी तिला हवेतून जाताना पाहिलं. मालकापासून सुटल्यामुळे तिला आनंद झालाय की काय, अशी ती हसत गेली आणि पाण्यात पडली. काकांचा जीव वाचला होता, पण त्याकडे लक्ष द्यायला दोघांनाही सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी भोंग्यातून "फर्व प्रवाफी" असं ऐकू आलं आणि अर्धा धक्का हसला. थोड्याच दिवसांत धक्काप्रमुखानं यंत्रात भरलेला एक बाईचा आवाज आणला आणि काका घरी बसले. नवी कवळी करून घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "दुफऱ्याच्या हातचे दात मी तोंडात घालणार नाही," असं काका म्हणाले, अर्थात घड्याळाला. वरचे दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं वाऱ्यावरच जाई. लेकीला निम्मं कळे, शेजाऱ्यांना तेवढंही नाही. जावयाला मात्र शब्द न् शब्द समजे, कारण त्या घरात सासऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकणारा तोच एक होता.

त्यानं कवळी शोधली नाही असं कुणी म्हणू नये. कामाचे तास संपले की तो धक्क्याखालच्या गाळात उतरायचा. चष्मे सापडले, किल्ल्या सापडल्या, एक तुतारीसुद्धा सापडली. कुणाकुणाच्या दोन कवळ्याही सापडल्या. त्यातली एक त्यानं धुऊन पुसून काकांसमोर ठेवली. काकांनी ती उजेडात धरून पाहिली आणि घड्याळाला सांगितलं, "त्याला फांग, हे दात कुणातरी चिक्कू माणफाचे आहेत. एकदाफुद्धा मनापाफून हफलेले नाहीत." जावयानं ती कवळी निमूटपणे परत समुद्रात टाकली.

खरी गंमत अशी, की सासूबाईंची कवळी गाळात नव्हतीच. ती त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि तो रोज तिच्यावरून जात होता. पाणबुड्यांचा एक जुना नियम होता: खांब आपला, खडक समुद्राचा. धक्क्याच्या खांबांवर जे काही चिकटेल, शिंपले, कालवं, शेवाळ, ते सगळं खरवडून काढायचं. पण खांब ज्या खडकात रोवलेले, त्याला पटाशी लावायची नाही. तो समुद्राचा. नियम इतका अंगात मुरलेला की खडकाकडे कुणी बघतही नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पुढे पलीकडे नवा धक्का बांधून झाला, जुना बंद करायचं ठरलं आणि खरवडायचं काम थांबलं. पाणबुड्याला नुसत्या साखळ्या बघायला खाली पाठवलं. हाताला काम नाही म्हणून त्यानं पहिल्यांदाच खडकाकडे नीट पाहिलं, तर कपारीत अडकलेली एक दातांची रांग त्याच्याकडे बघून हसत होती.

त्यानं ती अलगद सोडवली. जिभेकडची बाजू वर करून अंगठ्यानं शेवाळ पुसलं. ठसा होता. पाण्याखाली रडता येत नाही असं नाही. नाकाजवळ काचेत पाणी साचतं एवढंच.

पण कवळी रिकामी नव्हती. डाव्या दाढांवर बाहेरच्या बाजूनं एक पांढुरकी, वेडीवाकडी, वेटोळी नळी पक्की चिकटलेली होती. नळीच्या तोंडाशी तपकिरी टिकलीएवढं दार, आणि ते त्याच्या देखत बंद झालं. ही कोण ते पाणबुड्याला माहीत होतं. पाणबुडे तिला 'नळीवाली' म्हणत. जातीची गोगलगाय, पण दिसायला किडा. पोरवयात इतर गोगलगायींसारखी गोल शंख घेऊन हिंडते, मग एक दिवस जागा आवडली की तिथेच घट्ट बसते, आणि शंखाची नळी वाढवत, वळवत जन्म काढते. पुन्हा कधीही हलत नाही. भूक लागली की तोंडातून चिकट धाग्यांचं जाळं पाण्यात सोडते, त्यात जे अडकेल ते जाळ्यासकट ओढून गिळते. आजवर अशा कितीतरी त्यानं खांबांवरून उडवल्या होत्या. एक फटका की काम झालं. पण त्या दिवशी पटाशी कमरेला तशीच राहिली. ही खडकावर सापडली होती, आणि खडक समुद्राचा. कवळी समुद्राच्या पाण्यात बुडवून तो ती घरी घेऊन आला.

टेबलावर काचेचा वाडगा ठेवला. काका पुढे वाकले. मग त्यांनी पाण्यात बोट घालून आतून तो ठसा चाचपला, आणि बोट तिथेच ठेवलं.

"ही वर कोण बसलीय?" लेक म्हणाली. "आयत्या बिळावर नागोबा."

"बिळावर नाही, फंफारावर," काका म्हणाले. "तुझ्या आईच्या घरात राहतेय ती. पाहुणी आहे. तिला कुणी हात लावायचा नाही."

जावई ऐकत उभा होता. आपणही सासूबाईंच्याच घरात राहतो, हे त्याच्या मनात आलं. पण असल्या गोष्टी मनातच बऱ्या.

"पण मग बाबा, दात घालणार कसे?" लेक म्हणाली. "तिला समुद्राचं पाणी लागतं, आणि तुमच्या तोंडात ते नाही."

यावर तोड जावयानं काढली. तो घड्याळाकडे वळला, कारण या घरात आता तीच वाट होती. "यांना सांग," तो म्हणाला, "ओहोटीला खडक उघडा पडतो तेव्हा ही दार लावून आत बसते. पाणी आलं की उघडते. म्हणजे ओहोटीपुरती कवळी तोंडात राहू शकेल. भरती लागायच्या आत परत वाडग्यात."

घड्याळानं टिकटिक केली. काकांनी मान डोलावली.

त्या दिवसापासून ते घर चंद्राच्या हुकमात गेलं. ओहोटी लागली की काका कवळी चढवत. डावा गाल फुगे, ओठाच्या कोपऱ्यातून नळीचं टोक डोकावे, आणि मग सगळं घर त्यांच्याभोवती जमे, कारण खायचं, बोलायचं, भांडायचं, जे काय ते याच वेळात. चहा कोमट, कारण पाहुणीला गरम सोसत नाही. गोड्या पाण्यानं चूळ भरायची नाही. भरती लागली की कवळी वाडग्यात आणि काका मूग गिळून गप्प. बरं, ओहोटी रोज पुढे सरकते. त्यामुळे आज सकाळी झालेला नाश्ता आठवडा संपेपर्यंत दुपारी जाई. लेक दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगे, "वडिलांना भेटायला या, पण ओहोटी बघून या," आणि लोकांना त्यात काही विशेष वाटेनासं झालं. घराघरात काही ना काही असतंच. जावई रोज भरतीला ताजं समुद्राचं पाणी आणून वाडग्यात भरी. मग पाहुणी दार उघडून आपलं जाळं सोडी आणि थोड्या वेळानं ओढून गिळी. "जेवणाबरोबर ताटही खाते," लेक म्हणाली. "घासायची कटकट नाही. मला हिचा हेवा वाटतो."

पण पहिल्या ओहोटीची गोष्ट सांगायची राहिली. काकांनी कवळी चढवली, जिभेनं ठसा चाचपला, डोळे मिटले. जावई समोर उभा होता. आपण दात आणले. आता तरी हे आपल्याकडे बघून बोलतील, असं त्याला वाटलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. काकांनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि खणखणीत, लख्ख आवाजात घड्याळाला म्हणाले, "त्याला सांग, सापडले हे समजलं. पण सांडले कुणी?"

एवढे सगळे स बायकोनं कोरून दिलेल्या दातांतून निघाले आणि जावयाच्या काळजात रुतले. त्यानं वाडग्यातलं जुनं पाणी उचललं आणि मोरीत ओतायला गेला.

अशातच एका ओहोटीला धक्काप्रमुख घरी आला. जुन्या धक्क्यावरून शेवटची बोट सुटायची होती, आणि यंत्रातल्या बाईला आधीच नव्या धक्क्यावर हलवलं होतं. काकांशी दोन शब्द बोलून जावं, एवढ्यासाठीच तो आला होता. काकांनी "या, बसा, सावकाश" म्हटलं आणि धक्काप्रमुख उभाच राहिला.

"काका, आवाज परत आला?"

"आला."

"मग शेवटची सूचना तुम्हीच द्या. लोकांच्या कानात अजून तुमचाच आवाज आहे. ती बाई चांगली आहे, पण तिला बोट सुटते याचं काहीच वाटत नाही."

त्या रात्री... नाही, त्या ओहोटीला काका तरणे झाले. आरशासमोर उभं राहून त्यांनी सगळी सूचना म्हणून पाहिली. रस्त्यावर कुणी पिशवी सांभाळते का, तेही पाहिलं. बायको गेल्यानंतर इतकं खूष त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना खूष पाहून जावई मनोमन कष्टी झाला. कारण जी गोष्ट काका आणि धक्काप्रमुख दोघेही विसरले होते, ती पाणबुड्याला अंगातूनच कळत होती. जुन्या धक्क्यापाशी गाळ साचलेला. तिथून बोट सुटते ती भर भरतीला. ओहोटीला सुटायला ती काय बैलगाडी आहे?

त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला नको सांगूस. त्यांना सांग."

त्यानं घड्याळाला सांगितलं. काका ऐकत होते. त्यांचा हात गालावर गेला, नळीपाशी थांबला.

"त्याला सांग," काका शेवटी म्हणाले, "खरवडून टाक."

लेकीनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याला सांग, त्याचा धंदाच आहे तो. पाहुणी झाली म्हणून काय झालं? पाहुण्यांनी कधीतरी जायचं असतं. मला एकदा तिच्या दातांनी बोलायचंय. सगळ्यांसमोर. एकदाच. मग मी परत तोंड उघडणार नाही." आणि त्यांनी कवळी काढून वाडग्यात ठेवली.

जावयानं पटाशी आणली. कवळी जाड्याभरड्या तळहातावर घेतली. नळीला पातं टेकवलं. एका फटक्यात सुटली असती. कदाचित सासूबाईंच्या कवळीला तडाही गेला असता, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की हिचं चुकलं काय ते त्याला कळेना. जागा आवडली म्हणून बसली. बसली ती बसली. कुणाचं काही काढून घेतलं नाही, येईल ते खाल्लं, कुणी बोललं नाही तरी कुरकुरली नाही. एवढ्यासाठी जर खरवडून काढायचं असेल, तर मग या घरात आणखीही एक जण होता. त्यानं कवळी पाण्यात परत ठेवली.

"यांना सांग," तो घड्याळाला म्हणाला, "मी नाही खरवडणार. खडक समुद्राचा."

"फांग त्याला, ती कवळी आहे, खडक नाही," काका ओरडले.

"यांना सांग, ते तिला विचारा."

काकांनी पटाशी त्याच्या हातातून हिसकावली आणि वाडग्यासमोर खुर्ची ओढून बसले. लेकीनं नवऱ्याला खूण करून बाहेर नेलं. दोघं पायरीवर बसून राहिली. झालं, आता जन्मात हे आपल्याशी बोलत नाहीत, असं त्यानं धरून चालायचं ठरवलं. बायको म्हणाली, "खोली बघू या का कुठे?" तो नको म्हणाला नाही, आणि त्याच्या घशात शेंगदाण्याएवढं काहीतरी अडकलं. आत पटाशीचा आवाज होतो का, याकडे दोघांचे कान होते. आवाज झाला नाही. दिवेलागणीला दोघं आत गेली, तर काका तसेच बसलेले, पटाशी मांडीवर, आणि वाडग्यात पाहुणीनं जाळं पसरलं होतं. बारीक, पारदर्शक धागे सगळ्या दातांवरून हळूहळू तरंगत होते.

शेवटच्या बोटीच्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. काका कडक इस्त्रीचा सदरा घालून निघाले. पटाशी घरीच होती; काय ठरवलंय ते त्यांनी ना लेकीला सांगितलं ना घड्याळाला. वाडगा कुणीतरी धरायला हवा होता, म्हणून जावई मागून चालला. लेक खाली बोटीच्या शिडीजवळ थांबली, आणि सासरे-जावई वर भोंग्याच्या खोलीत गेले. अरुंद खोली, एक टेबल, एक बोलायचं यंत्र, त्याचं लाल बटण, आणि खिडकीतून खाली सगळा धक्का. पाणी खांबांना वरपर्यंत लागलं होतं. भर भरती.

धक्काप्रमुखानं खालून हात वर केला. बोटीनं कर्णा वाजवला. काकांनी वाडग्यात हात घातला आणि कवळी पाण्याच्या वर उचलली. पाहुणीचं जाळं बाहेर होतं. पाण्याबाहेर येताच ते दातांवर चिकटलं, आणि तिनं घाईघाईनं ते आत ओढायला सुरुवात केली. काका पाहत राहिले. जाळं अर्धंमुर्धं आत गेलं. दार बंद होईना. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि कवळी अलगद पाण्यात परत ठेवली.

मग सवयीनं ते भिंतीकडे वळले, घड्याळाला काहीतरी सांगायला. भिंतीवर घड्याळ नव्हतं. तेही नव्या धक्क्यावर गेलं होतं. तिथे रंग न उडालेला एक गोल तेवढा उरला होता.

काका त्या गोलाकडे बघत उभे राहिले. बोटीनं दुसऱ्यांदा कर्णा वाजवला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; तसे काका सावकाश वळले. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

"त्यांना फांग," ते जावयाकडे बघून म्हणाले.

जावयाच्या हातातला वाडगा हिंदकळला. त्यानं तो टेबलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि तोंड पुढे केलं. काका त्याच्या कानाशी वाकले. दुसऱ्या कुणाला ते फुसफुसणं कळलं नसतं. याला शब्द न् शब्द कळला. इतकी वर्षं ज्यांचा निरोप घड्याळाकडून आला, त्यांचा निरोप आता त्याच्या तोंडून जाणार होता, आणि एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

"सर्व प्रवाशांना सूचना," भोंगा म्हणाला. "या धक्क्यावरून शेवटची बोट सुटत आहे. सामान सांभाळून चढावं. लहानांचे हात धरावेत. पायरी ओली आहे."

खाली लोक पुढे सरकले. एका बाईनं पिशवी छातीशी धरली. काका फुसफुसत होते आणि जावई मोठ्यानं, स्वच्छ, जसंच्या तसं म्हणत होता.

"ज्यांना जायचं आहे त्यांनी लवकर यावं. ज्यांना राहायचं आहे त्यांनी राहावं, उगाच खोल्या बघत फिरू नये. आणि त्या दिवशी पाठीत थाप मारलीस ती बरोबर मारलीस. नाहीतर मी तेव्हाच मेलो असतो. ती असती तर तिनं मलाच बोल लावला असता. मला ते कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं."

भोंग्यातला आवाज थांबला. सगळा धक्का वर बघत होता. शिडीवरची माणसं पाय उचललेल्या जागीच थांबली. बोटीवरच्या एका गृहस्थानं, आपण कुणाची तरी पाठ थोपटली होती असं आठवून, संकोचानं हात वर केला. खाली गर्दीत लेक तोंडावर पदर धरून उभी होती; हसत होती की काय ते वरून दिसत नव्हतं.

जावयाचं बोट बटणावर तसंच होतं. आपण काय म्हटलं ते त्याला आत्ता ऐकू आलं. तो मान वळवून सासऱ्यांकडे बघत राहिला, आणि सासरे त्याच्याकडेच बघत होते.

"भोंगा बंद कर, गाढवा," काका म्हणाले. तेही सगळ्या धक्क्यानं ऐकलं.

त्यानं भोंगा बंद केला. मग वाडगा उचलला आणि काकांना हात दिला. पाणी कोमट झालं होतं, बदलायला हवं होतं.